सूचन आणि उत्तर : जुन्या संगणकीय साहसखेळांतील मदतलेखनाची समीक्षा

प्रास्ताविक

मूळ कृतीच्या आधाराने उभे राहिलेले दुय्यम लेखन हाही समीक्षेचा विषय होऊ शकतो, ही गोष्ट आपल्या परंपरेला नवी नाही. टीका, भाष्ये, टिप्पणे यांची परीक्षा आपल्याकडे मूळ ग्रंथाइतक्याच गांभीर्याने होत आली आहे. अमेरिकेत १९७५ नंतरच्या दोन दशकांत संगणकावर खेळल्या जाणाऱ्या साहसखेळांभोवती असेच एक दुय्यम लेखन निर्माण झाले. खेळातील एखाद्या कोड्यापाशी अडलेल्या खेळाडूला दुसऱ्या खेळाडूने किंवा खुद्द खेळकर्त्याने पुढे सरकण्यासाठी केलेली मदत, असे त्याचे स्वरूप होते. खेळाडू त्याला 'हिंट' म्हणत. प्रस्तुत लेखात त्यासाठी 'सूचन' ही संज्ञा वापरली आहे, कारण भारतीय साहित्यशास्त्रात या शब्दामागे जो अर्थ उभा आहे तोच येथे अभिप्रेत आहे. सूचन म्हणजे उत्तर नव्हे. या दोहोंतील अंतर कसे राखले गेले, कोठे राखता आले नाही आणि न राखता येण्याचा दोष कोणाकडे जातो, हा या लेखाचा विषय आहे.

हे खेळ मुख्यतः शब्दांचे होते. पडद्यावर स्थळाचे वर्णन येई, खेळाडू एक-दोन शब्दांची, पुढे पुढे पूर्ण वाक्याची आज्ञा टंकलिखित करी आणि संहिता त्याला प्रत्युत्तर देई. म्हणजे खेळणे ही एक वाचनक्रियाच होती. कोड्यापाशी अडणे म्हणजे वाचन थांबणे. कादंबरीचे एखादे पान कळले नाही तरी वाचक पुढचे पान उलटू शकतो. येथे ती सोय नव्हती. म्हणूनच मदतीच्या लेखनाला येथे जे महत्त्व आले ते अन्य कोणत्याही वाङ्मयप्रकारात सहसा येत नाही.

गुहेतील पक्षी

या परंपरेचा आरंभ 'कलॉसल केव्ह ॲडव्हेंचर' या खेळापासून मानला जातो. विल क्राउदर हा संगणकतज्ज्ञ आणि हौशी गुहाशोधक. त्याने केंटकी राज्यातील मॅमथ केव्ह या गुहासमूहाच्या प्रत्यक्ष अनुभवावरून १९७५-७६ च्या सुमारास आपल्या मुलींसाठी हा खेळ फोरट्रान भाषेत लिहिला. स्टॅनफर्ड येथील डॉन वुड्स याने १९७७ मध्ये त्याचा विस्तार केला. या विस्तारित आवृत्तीचे एक वैशिष्ट्य अभ्यासकांच्या नजरेतून बहुधा निसटते. ते म्हणजे मदत ही तिच्यात खेळाच्या आतच बसविलेली आहे. खेळाडू एकाच अडचणीत ठराविक चालींपेक्षा अधिक काळ घुटमळला, तर संहिता आपण होऊन त्याला विचारते की मदत हवी आहे काय. हवी असेल तर काही गुण वजा होतील. ही मुदतही प्रत्येक अडचणीसाठी वेगळी आहे. पक्ष्यापाशी पाच चाली, सर्पापाशी आठ, एकसारख्या दिसणाऱ्या भुयारांच्या चक्रव्यूहात मात्र तब्बल पंचाहत्तर. कोणते अडणे हा खेळाचाच भाग आहे आणि कोणते नाही, याविषयीचा एक निर्णय या आकड्यांत दडलेला आहे. चक्रव्यूहात भरकटणे हाच त्याचा रस आहे, तो लवकर भंगू नये, असे वुड्सला वाटले असावे.

पक्ष्याचे कोडे विस्ताराने पाहण्याजोगे आहे. गुहेत एक लहानसा पक्षी आहे. जवळ पिंजरा असला तर त्याला पकडता येते. परंतु खेळाडूच्या हातात वाटेत सापडलेली काळी काठी असेल तर पक्षी बिचकतो आणि हाती लागत नाही. काठी खाली ठेवावी, मग पक्षी धरावा, एवढेच उत्तर. येथे मिळणारे सूचन इतकेच सांगते की पक्षी आत्ता भ्यायला आहे, काहीही केले तरी तो आता सापडणार नाही, नंतर प्रयत्न करून पाहावा. काठीचा उल्लेखही नाही. गंमत अशी की हे सूचन देऊ करण्याची अटच संहितेत 'खेळाडूच्या हाती काठी आहे' अशी घातलेली आहे. म्हणजे कारण सांगणाऱ्याला पूर्णपणे ठाऊक आहे; तो केवळ कार्य सांगतो आणि कारणाकडे जाण्याची वाट खेळाडूवर सोपवतो. 'भ्यायला आहे' या शब्दांपासून 'कशाला भ्यायला?' या प्रश्नापर्यंतचे पाऊल खेळाडूने स्वतः टाकायचे असते. आनंदवर्धनाने नवव्या शतकात वाच्यार्थाहून वेगळा मानलेला, सहृदयालाच प्रतीत होणारा व्यंग्यार्थ तो हाच, असे म्हणण्याचा मोह होतो. तुलना फार ताणू नये हे खरे. काव्यातील व्यंग्यार्थ कळल्यावरही वाच्यार्थाचे सौंदर्य टिकते. काठी खाली ठेवल्यावर सूचनाचे काम संपते. तरीही रचनेचे तत्त्व एकच आहे. जे सांगायचे त्याच्या शेजारचे सांगावे.

या व्यवस्थेत आणखी एक बारकावा आहे. गुहेत हिंडण्यासाठी खेळाडूजवळ दिवा असतो आणि त्याची विजेरी मर्यादित चालींपुरतीच पुरते. खेळाडूने सूचन स्वीकारले की जितके गुण वजा होतात त्याच्या तीसपट चाली दिव्याच्या आयुष्यात वाढवून मिळतात. अडलेल्या माणसाने शोधाशोधीत जो वेळ घालवला त्याची ही भरपाई होय. गुण कापणारा आणि उजेड वाढवणारा हात एकच आहे. मदत मागणे ही शिक्षापात्र गोष्ट नाही, तिला केवळ किंमत आहे, ही भूमिका फोरट्रानच्या एका ओळीत मांडलेली आढळते. पुढील काळातील पुष्कळ मदतलेखनात ही समज राहिली नाही.

अर्थात याच खेळातील सर्व सूचने या दर्जाची नाहीत. चक्रव्यूहात पंचाहत्तर चाली भटकल्यानंतर मिळणारे सूचन सरळ सांगून टाकते की वस्तू टाकत गेल्यास भुयारे वेगवेगळी ओळखता येतील. हे सूचन नव्हे, उत्तरच आहे.

अदृश्य शाई

'झॉर्क' हा खेळ १९७७ पासून मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये घडला. त्याच्या कर्त्यांपैकी काहींनी सहकाऱ्यांसह १९७९ मध्ये इन्फोकॉम ही कंपनी स्थापन केली, आणि १९८० मध्ये 'झॉर्क'चा पहिला भाग घरगुती संगणकांसाठी विक्रीस आला. त्याबरोबर मदतीची याचना करणारी पत्रे येऊ लागली. या पत्रांना उत्तरे देण्याचे काम खेळाची चाचणी घेणाऱ्या माइक डॉर्नब्रूक याने अंगावर घेतले. त्यातून १९८१ मध्ये 'झॉर्क युझर्स ग्रुप' ही स्वतंत्र संस्था उभी राहिली आणि त्यानंतर 'इन्व्हिझिक्लूज' या पुस्तिका आल्या.

पत्रोत्तर आणि पुस्तिका यांतील फरक समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. पत्र लिहिणारा खेळाडू आपण काय काय करून पाहिले ते सांगतो. उत्तर देणारा त्याच्या नेमक्या चुकीच्या वाटेपासून आरंभ करू शकतो. पुस्तिकेसमोर मात्र अनोळखी वाचक असतो. तो कोठे अडला आहे, किती जवळ पोहोचला आहे, हे लेखकाला दिसत नाही. ही उणीव डॉर्नब्रूकने मोठ्या युक्तीने भरून काढली. पुस्तिकेत प्रश्न साध्या शाईत छापलेले. प्रत्येक प्रश्नाखाली उत्तरांच्या ओळी अदृश्य शाईत. सोबतच्या खास लेखणीने घासल्यावर त्या उमटत. पहिली ओळ मोघम, दुसरी थोडी स्पष्ट, अखेरची पूर्ण उत्तर देणारी. किती ओळी उघडायच्या हे वाचकाने ठरवायचे. हजारो अज्ञात वाचकांसाठी एकच मजकूर लिहूनही प्रत्येकाला आपापल्या मापाची मदत मिळावी, अशी ही रचना आहे.

परंतु येथे एक नवाच पेच उद्भवतो. उत्तरे लपवली तरी प्रश्न उघडे असतात, आणि प्रश्न हीसुद्धा माहिती असते. 'अमक्या राक्षसाला कसे घालवावे?' असा प्रश्न छापलेला दिसला की पुढे राक्षस आहे आणि तो घालवता येतो, या दोन्ही गोष्टी कळून चुकतात. यावर उपाय म्हणून पुस्तिकांत खोटे प्रश्नही पेरलेले असत. खेळात नसलेल्या वस्तूंविषयीचे, नसलेल्या प्रसंगांविषयीचे. कोणी कुतूहलाने त्यांची उत्तरे उघडलीच तर कानपिचकी मिळे. हा केवळ विनोद नव्हे. प्रश्नांच्या यादीवरून कथानक वाचू पाहणाऱ्या वाचकापासून कथानकाचे रक्षण करण्यासाठी लेखकाने उभारलेली ती तटबंदी आहे. आपल्या विद्यार्थ्यांना परिचित असलेल्या 'गाइड' नामक पुस्तकांशी तुलना केली तर हा फरक लख्ख दिसतो. गाइडमध्ये प्रश्न हाच उत्तराकडे जाणारा मार्ग असतो आणि मूळ धडा वाचण्याची गरज उरू नये असा त्याचा हेतू असतो. इन्व्हिझिक्लूजचा हेतू वाचकाला लवकरात लवकर मूळ संहितेकडे परत पाठवण्याचा होता.

इन्फोकॉमने १९८३ मध्ये या पुस्तिकांचे काम स्वतःकडे घेतले. पुढे १९८७ पासूनच्या 'सॉलिड गोल्ड' आवृत्त्यांत हीच श्रेणीबद्ध सूचने खेळाच्या आत आणण्यात आली. लेखणी गेली, बटण आले. शाई घासण्यास वेळ लागे आणि त्या वेळात माणूस विचार करी. बटणाला तेवढा वेळ लागत नाही. ही हानी लहान आहे, परंतु ती हानी आहे.

मासा कानात येईपर्यंत

मदतलेखनाची खरी कसोटी पाहावयाची तर डग्लस ॲडम्स आणि स्टीव्ह मेरेट्झ्की यांच्या 'द हिचहायकर्स गाइड टू द गॅलेक्सी' (१९८४) या खेळातील बेबल फिशच्या कोड्याकडे जावे लागते. हा मासा कानात घातला की कोणतीही भाषा कळते. व्होगॉनांच्या यानातील एका खोलीत मासे देणारे यंत्र आहे. बटण दाबले की मासा उडतो आणि समोरच्या भिंतीतील भोकात जातो. भोकावर अंगातला झगा टांगला तर मासा झग्यावर आदळून खाली घसरतो आणि जमिनीवरील गटाराच्या जाळीतून निसटतो. जाळीवर टॉवेल टाकला तर भिंतीच्या खालच्या झडपेतून सफाईयंत्र धावत येते आणि मासा पळवते. झडपेसमोर फोर्डची पिशवी ठेवली तर यंत्र तिच्यावर धडकते, मासा वर उडतो आणि खोलीच्या वरच्या अर्ध्या भागाची सफाई करणारे दुसरे यंत्र तो झेलून नेते. शेवटी पिशवीवर टपालातून आलेल्या निरुपयोगी कागदांचा गठ्ठा ठेवावा लागतो. कागद हवेत उधळतात, ते गोळा करण्यात वरचे यंत्र गुंतते आणि मासा कानात पडतो. हे कोडे इतके गाजले की ते सुटल्याची ग्वाही देणारे टी-शर्ट इन्फोकॉमने विकले.

या कोड्याचा मोठा गुण असा की त्याचे सूचन कोड्यातच आहे. प्रत्येक अपयश पुढचा अडथळा नेमका दाखवून देते. भोक दिसल्याशिवाय झग्याची गरज कळत नाही, आणि झगा टांगल्याशिवाय गटाराची जाळी नजरेत भरत नाही. मदत करणाऱ्याला येथे फारसे बोलावेच लागत नाही. 'मासा कोठे गेला ते नीट वाच' एवढे म्हटले तरी पुरते. शेवटच्या पायरीसाठी प्रस्तुत लेखक असे सूचन करील : 'साफसफाई करणाऱ्याला थांबवायचे असेल तर त्याला काम कमी द्यावे की जास्त?' यात कागदांचे नाव नाही, गठ्ठ्याचेही नाही. विचाराची दिशा मात्र पालटते, आणि ॲडम्सच्या विनोदाचा सूरही सांभाळला जातो.

परंतु याच कोड्यात एक असा दोष आहे की ज्याचे सूचन करणे जवळजवळ अशक्य आहे. कागदांचा तो गठ्ठा पृथ्वीवर, नायकाच्या घराच्या दारापाशी आहे. ते घर खेळाच्या आरंभीच पाडले जाते आणि पाठोपाठ पृथ्वीही नष्ट होते. खेळाडूने तेथून निघताना गठ्ठा उचलला नसेल तर यानात कितीही बुद्धी चालवून उपयोग नाही. तसेच आरंभी दारूच्या गुत्त्यातील सँडविच बाहेरच्या भुकेल्या कुत्र्याला घातले नाही, तर त्याचा परिणाम पुष्कळ नंतर, एका सूक्ष्म अंतराळ-आरमाराला कुत्रा गिळून टाकतो तेव्हा भोगावा लागतो. अशा खेळाडूला मदत करणारा काय सांगणार? 'मागे जा' असे सांगणे म्हणजे सूचन नव्हे, निकाल आहे. यंत्रातील मासेही मोजकेच आहेत, त्यामुळे शिकण्यासाठी आवश्यक असलेली अपयशेही रेशनवर मिळतात. ॲडम्सच्या चाहत्यांना हा क्रूरपणा विनोदी वाटतो. विनोद आहेच, परंतु तो खेळाडूच्या खर्चाने केलेला आहे, हेही नोंदवले पाहिजे.

दुष्ट प्रहेलिका

येथे एक निकष मांडावासा वाटतो. ज्या कोड्याचे सूचन करता येते ते कोडे निर्दोष; ज्याचे केवळ उत्तरच सांगता येते ते सदोष. कारण सूचन शक्य होण्यासाठी अडचण आणि उत्तर यांच्या मधल्या जागेत काही पायऱ्या असाव्या लागतात. त्या नसतील तर मदत करणाऱ्याला टेकण्यासाठी जागाच मिळत नाही. दण्डीने 'काव्यादर्शा'च्या तिसऱ्या परिच्छेदात प्रहेलिकांचे सोळा प्रकार सांगितले, गोष्ठींतील विनोद हा त्यांचा एक उपयोग मानला आणि पूर्वाचार्यांनी सांगितलेल्या चौदा दुष्ट प्रहेलिकांचाही उल्लेख केला. भामहाने तर शास्त्राप्रमाणे व्याख्या केल्यावाचून न कळणाऱ्या रचनांविषयी सरळ नापसंती दर्शविली. बुद्धिमंतांचा उत्सव होतो आणि मंदबुद्धीचे मात्र मारले जातात, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. कोड्याला सदोष म्हणता येते, सोडवणाऱ्याची बुद्धी हेच त्याचे एकमेव माप नव्हे, ही दृष्टी आपल्याकडे इतकी जुनी आहे.

रोबर्टा विल्यम्स यांच्या 'किंग्ज क्वेस्ट' (१९८४) मध्ये एका बुटक्याचे नाव ओळखायचे आहे. तो ग्रिमबंधूंच्या कथेतील रंपेलस्टिल्टस्किन. उलट विचार करणे शहाणपणाचे ठरते अशा आशयाची चिठ्ठी खेळातच सापडते. ती वाचून नाव उलटे लिहावे तर ते चुकीचे ठरते. संपूर्ण वर्णमालाच उलटी करून पहिल्या अक्षराच्या जागी शेवटचे अशा रीतीने नाव लिहावे लागते. म्हणजे खेळातील सूचनच अर्ध्या वाटेवर दगा देते. १९९० च्या नव्या आवृत्तीत नाव केवळ उलटे लिहिणे पुरेसे मानले गेले, यातच मूळ दोषाची कबुली आहे. 'गेब्रिएल नाइट ३' (१९९९) मधील प्रसंग याहून पुढचा. नायकाला दुसऱ्याच्या नावाने मोटारसायकल भाड्याने घ्यायची आहे. त्यासाठी चिकटपट्टीने मांजराचे केस मिळवायचे, ते पाकाने ओठांवर चिकटवून मिशी करायची, आणि ज्याचे सोंग घ्यायचे त्याला मिशीच नसल्यामुळे त्याच्या पारपत्रावरील छायाचित्रावर मिशी काढायची. येथे कोणते सूचन करणार? पहिला इशारा 'मांजर' असा दिला तरी तो उत्तरच वाटतो. या कोड्याची पुढे जी थट्टा झाली ती यथायोग्यच होती.

या निकषाला 'झॉर्क २' मधील एक कोडे मात्र अडचणीत आणते. त्यात विचित्र कोनांच्या खोल्यांचा एक चक्रव्यूह आहे. तो बेसबॉलच्या मैदानाची आकृती आहे आणि धावपटू ज्या क्रमाने बेस ओलांडतो त्याच क्रमाने चालल्यास तो सुटतो. जवळच सापडणाऱ्या दंडुक्यावर बेब रूथ या खेळाडूच्या नावाचे विडंबन कोरलेले आहे. अमेरिकन खेळाडूला हे सूचन पुरेसे, कदाचित थोडे अधिकच. ज्याने बेसबॉल पाहिलेला नाही त्याच्यासाठी मात्र त्या अक्षरांतून काहीच ध्वनित होत नाही. सूचन आहे, सहृदय नाही. इंग्लंडमधील ग्रॅहम नेल्सन यांनी १९९० च्या दशकात खेळाडूंच्या हक्कांची जी सनद मांडली तीत सूचने कळण्यासाठी खेळाडू अमेरिकन असण्याची गरज पडू नये, असा एक हक्क आहे आणि तेथे उदाहरण याच चक्रव्यूहाचे आहे. क्रिकेटवर वाढलेल्या आपल्याकडील खेळाडूला मदत करायची तर सूचन बाजूला ठेवून प्रथम एका परक्या खेळाचे नियम शिकवावे लागतील, आणि ते शिकवता शिकवताच उत्तर सांगून झालेले असेल. मग हे कोडे सदोष की निर्दोष? प्रस्तुत लेखकाच्या मते ते आपल्या वाचकवर्गापुरते निर्दोष आहे, आणि तो वाचकवर्ग किती लहान आहे याचे भान कर्त्यांना नव्हते हा त्याचा दोष आहे. निकष मोडत नाही. तो वाचकसापेक्ष आहे एवढे मान्य करावे लागते.

याच संदर्भात पुन्हा 'कलॉसल केव्ह'कडे वळावेसे वाटते. वुड्सच्या आवृत्तीत एकूण गुण ३५० आहेत. सर्व संपत्ती परत आणून, अखेरचा स्फोटही साधून कित्येक खेळाडू ३४९ वर अडकले. उरलेला एक गुण, गुहेत सापडणारे एक नियतकालिक 'विट्स एंड' नावाच्या जागी नेऊन टाकल्यास मिळतो. नियतकालिक बुटक्यांच्या भाषेत असल्यामुळे वाचता येत नाही. 'विट्स एंड'मधून बाहेर पडणे हेच मुळात दैवाधीन; तेथे वीस चाली घालवल्यावर संहिता एवढेच सूचन करते की पश्चिमेकडे जाऊ नकोस. नियतकालिकाविषयी ती अवाक्षर काढत नाही. वरील निकषाने हा गुण सदोषच ठरतो. तो प्रथम मिळाला असेल तर संहितेच्या आतील ओळी वाचणाऱ्यांना, आणि मग एकाने दुसऱ्याच्या कानात सांगितल्यामुळे. तरीसुद्धा त्याचे सूचन लिहून पाहिले तर ते लिहिता येते असे दिसते : एकदा सुटल्यावर जेथे पुन्हा कधीही पाऊल ठेवणार नाही असे ठरवले होते, तेथे वाचायला काही घेऊन जावे.